खारेपाटातली चाल : ३४ अंशांचे ऊन इतके अंगावर का येते?

मार्च उजाडला की कोकणासाठी हवामान विभागाचा ‘उष्ण व दमट हवामान’ हा इशारा ठरल्यासारखा येऊ लागतो. त्याच दिवशी विदर्भात पारा बेचाळिशी ओलांडत असतो आणि रायगड-रत्नागिरीचा आकडा मात्र चौतीस-पस्तीसवर घुटमळत असतो, त्यामुळे एवढ्याशा उन्हाचा इशारा कशासाठी, असा प्रश्न वाचणाऱ्याला साहजिकच पडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल खाडीच्या काठावरील खारघरच्या मैदानात भर दुपारपर्यंत चाललेल्या सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आत होता आणि ती माणसे चालत नव्हती, बसलेली होती.

आता त्याच हवेत एखादा माणूस पाठीवर पिशवी घेऊन सकाळी सात ते संध्याकाळी पाच चालतो आहे, आणि तोही खाडीकाठच्या सखल, दलदलीच्या, सावली नसलेल्या पट्ट्यातून, अशी कल्पना करावी. किनाऱ्याने पायी भटकणारे, पक्षी पाहायला जाणारे, पालखीबरोबर निघालेले, कांदळवनाची पाहणी करणारे असे बरेच लोक हल्ली हे करतात. त्यांतले बहुतेक जण दिवसाचा बेत किलोमीटरमध्ये आखतात. मीही पूर्वी तसाच आखत असे आणि ते चूक होते. अशा दलदलीच्या पट्ट्यातल्या, म्हणजे खाजणातल्या, दिवसाचे खरे माप दोन गोष्टींत असते: अंगातून किती घाम उडून जाऊ शकतो आणि खाडीचे पाणी कधी चढते. हे दोन हिशेब कसे चालतात ते या लेखात सोपे करून सांगतो.

ही जमीन कशी असते

कोकण म्हटले की नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आमराया डोळ्यांसमोर येतात, पण खाड्यांच्या दोन्ही अंगांना असलेला पट्टा अगदी वेगळा आहे. भरतीचे पाणी जिथे चढते-उतरते त्या चिखलट सखल जमिनीला खाजण म्हणतात. पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घालून खारे पाणी अडवले आणि आतली जमीन भाताखाली आणली, तो झाला खारेपाट. पेण-अलिबागच्या मधला, धरमतरच्या खाडीला लागून असलेला खारेपाट सर्वांत ओळखीचा, पण कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी अशा प्रत्येक नदीच्या मुखाशी त्याची लहान-मोठी भावंडे आहेत.

बांधाला ठरावीक अंतरावर उघाडी असते. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप: ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते आणि भरती आली की खाडीचेच पाणी तिला बाहेरून दाबून बंद करते. बांध फुटला तर त्याला खांड गेली असे म्हणतात, आणि एकदा खांड गेली की खारे पाणी शेतात शिरून पुढची काही वर्षे भात धड येत नाही. चालणाऱ्याच्या दृष्टीनेही खांड महत्त्वाची असते, कारण नकाशात सलग दिसणारा बांध तिथे संपतो आणि समोर कमरेएवढ्या गाळाचा ओढा येतो.

या सगळ्या पट्ट्यात झाड नाही. मातीतल्या मिठामुळे आंबा, फणस, वड काहीच धरत नाही. पावसाने क्षार धुऊन गेल्यावर भाताचे एक पीक निघते आणि फेब्रुवारीनंतर जमीन वाळून मीठ वर येते, तेव्हा ढेकळांच्या कडा पांढऱ्या दिसू लागतात. बांधाच्या बाहेर तिवर आणि चिपी या कांदळवनातल्या झाडांचे रान असते खरे, पण त्यात सावलीला जाऊन बसता येत नाही. फांद्या बुटक्या, खाली चिखल, आणि त्या चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची श्वासमुळे. त्यातच मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणातल्या बहुतेक गावांवरून सूर्य अगदी डोक्यावरून जातो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस येतो. त्याच्या मागे-पुढे तीन-चार आठवडे दुपारी स्वतःची सावली पायाखालीच राहते. सात-आठ किलोमीटरच्या बांधावर सावली म्हणून सापडलीच तर ती उघाडीच्या दगडी भिंतीची, हातभर रुंद.

अंगातली उष्णता जाते कुठे?

स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॉट उष्णता तयार करत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. सपाट पक्क्या रस्त्यावर आठ किलोची पिशवी घेऊन ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या सत्तर किलो वजनाच्या माणसात ती २५० वॉटच्या घरात जाते. ही उष्णता अंगातच कोंडली गेली तर शरीराचे तापमान तासाभरात साडेतीन अंशांनी वाढेल. आपले नेहमीचे तापमान ३७ आणि जिवावर बेतणारे ४० च्या पुढचे, हे लक्षात घेतले तर उष्णता बाहेर टाकणे हे शरीराचे किती तातडीचे काम आहे ते कळते.

हवा गार असली तर बरीचशी उष्णता कातडीवरून परस्पर हवेत जाते. पण उन्हाळ्यात कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते आणि हवा ३४ अंशांवर पोहोचलेली असते, तेव्हा ही वाट जवळजवळ बंद होते. उरतो घाम. एक लिटर घाम उडून गेला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. ही फार मोठी सोय आहे. मात्र घाम कातडीवरून वाफ होऊन उडाला पाहिजे. कपाळावरून ओघळून हनुवटीवरून टपकलेल्या घामाने अंग गार होत नाही, त्यात पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते.

माठाचे उदाहरण घेऊ. तोच माठ, तेच पाणी. अकोल्यात मे महिन्यात माठातल्या पाण्याने दात आंबतात आणि कोकण किनाऱ्यावरच्या रेवदंड्यात ते जेमतेम गार लागते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत भराभर उडते, तर रेवदंड्याच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी घ्यायला ती तयार नसते. माणसाचे अंग आणि माठ या बाबतीत एकाच नियमाने चालतात.

हवा किती घाम घेऊ शकते हे मोजण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे आणि वारा घालायचा. पाणी उडते तसा पारा खाली येतो आणि एका आकड्याला थांबतो. याला आपण ‘ओला पारा’ म्हणू. त्या हवेत घामाच्या जोरावर जास्तीत जास्त किती गार होता येईल, ते हा आकडा सांगतो. विदर्भात ४२ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २२ च्या आसपास येतो. कोकणात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तो २८ च्या वर राहतो. वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा कोरड्या पाऱ्याचा असतो, अंगाला जाणवतो तो या ओल्या पाऱ्याच्या जवळचा.

ओला पारा ३५ वर गेला तर सावलीत नुसता बसून राहिलेला निरोगी माणूसही काही तासांत दगावू शकतो, असा हिशेब २०१० साली मांडला गेला. पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत तरुण, निरोगी माणसांना दमट हवेच्या खोलीत घरकामाएवढे हलके श्रम करायला लावून पाहिले, तेव्हा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ही मर्यादा ३१ च्या आसपासच आढळली. अठ्ठावीस आणि एकतीस यांत अंतर थोडे आहे. शिवाय तिथे सावली होती आणि पायाखाली कोरडी जमीन होती.

चिखलातले एक पाऊल किती महाग पडते?

सैनिकांना किती अन्न आणि पाणी लागेल हे ठरवण्यासाठी वेगवेगळ्या जमिनींवर माणसे चालवून मोजमापे घेतली गेली आहेत. डांबरी रस्त्यावर पुढे सरकायला जेवढी शक्ती लागते ती एक धरली, तर कच्च्या रस्त्याला १.१, दाट झुडपांतून १.५, दलदलीतून १.८ आणि सैल वाळूतून २.१ पट लागते. म्हणजे वर सांगितलेल्या २५० वॉटच्या माणसाला त्याच वेगाने चिखलातून नेले तर तो ३६५ वॉटच्या घरात जातो. याचा दुसरा अर्थ असा की ऊन, हवा, वारा काहीही न बदलता केवळ बांधावरून खाली चिखलात उतरल्याने शरीरातली शेगडी जवळजवळ दीडपट पेटते. किनाऱ्याच्या कोरड्या वाळूचा भाव तर याहून जास्त आहे, म्हणून पुळणीवरून चालताना ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा सोडू नये.

चिखलात पाय जाणे सोपे असते, निघणे अवघड. पाय वर ओढताना तळव्याखाली पोकळी तयार होते, तिच्यात हवा शिरायला वाट नसते आणि चिखल पाय खाली खेचून धरतो. बळ लावून सरळ वर ओढले तर बूट आत राहतो. गमबुटांचे हमखास असे होते. टाच थोडी फिरवून पायाच्या कडेने हवा आत जाऊ द्यायची आणि मग आधी टाच, नंतर चवडा, असा पाय काढायचा. खाडीत कालवे, म्हणजे खाण्याच्या शिंपा, काढायला जाणाऱ्या बायका एका जागी कधी उभ्या राहत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामागे कारण आहे: हा बारीक गाळ ढवळला गेला की पातळ होतो, त्यामुळे उभे राहून पाय हलवणारा माणूस आणखी खाली जातो. अनवाणी जाण्याचा मोह टाळावा. गाळात कालवांच्या शिंपा असतात आणि त्यांची धार पात्यासारखी लागते. नाडीने घट्ट बांधलेले जुने कापडी बूट यासाठी उत्तम.

ओल्या मोज्यांत दिवसभर राहिलेल्या तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि एकदा अशी झाली की फोड यायला दोन किलोमीटरही पुरतात. दुपारच्या मुक्कामाला पाय गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून दुसरे मोजे घालणे हे जेवणाइतके आवश्यक समजावे.

“पण विदर्भात तर माणसे ४५ अंशांत राहतात”

राहतात, आणि तिथलेही ऊन जीव घेते. कोरड्या उन्हात हवा स्वतःच अंगाला तापवते आणि घाम कळायच्या आत उडून गेल्यामुळे पाणी किती गेले याचा अंदाज राहत नाही. दोन्हीकडचा धोका वेगळ्या जातीचा आहे. विदर्भात शरीराचे गार होण्याचे यंत्र चालू असते, त्याला पाणी पुरवत राहावे लागते. कोकणात पाणी भरपूर असले तरी यंत्राचा जोरच निम्म्याच्या आसपास येतो. हवामान विभागालाही हे मान्य आहे, म्हणून उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी ४० अंशांची अट असते आणि किनारपट्टीसाठी ती ३७ वर आणलेली आहे.

उन्हाचा, वाऱ्याचा आणि दमटपणाचा एकत्र परिणाम दाखवणारे एक माप आहे. त्यात ओल्या पाऱ्याला सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला वीस टक्के आणि साध्या तापमानाला फक्त दहा टक्के वजन असते. हे माप १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने आपल्या प्रशिक्षण केंद्रांतल्या उष्माघातांमुळे तयार करवून घेतले, आणि त्या केंद्रांतले एक म्हणजे पॅरिस आयलंड, खाऱ्या दलदलीने वेढलेले बेट. आपल्याकडच्या खाजणासारखीच जागा. ज्या साध्या तापमानावर आपण दिवसाचा बेत ठरवतो त्याला दहा टक्के वजन, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

“समुद्राचा वारा असतोच की”

असतो, आणि त्याची मदतही होते, कारण अंगाभोवतीची दमट हवा तो हलवतो. पण हा वारा जमीन तापल्यावर सुटतो, म्हणजे सकाळी उशिरा. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो त्या दिवशी तो दुपारपर्यंत येत नाही आणि किनाऱ्यावर पारा एकदम चढतो. शिवाय बांधाच्या माथ्यावर वारा लागतो आणि बांधाखाली, तिवरांच्या आडोशाला तो पडलेला असतो. पाच फूट उंचीच्या फरकाने हवा बदलल्यासारखी वाटते. एवढ्यासाठीच शक्य तिथे बांधाच्या माथ्यानेच चालावे, जवळची वाट म्हणून शेतातून किंवा गाळातून कापून जाऊ नये.

“इथली माणसे रोज राबतातच ना?”

हा आक्षेप सर्वांत रास्त आहे आणि त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले शरीराचे. रोज उन्हात श्रम करणाऱ्याचे शरीर एक-दोन आठवड्यांत बदलते: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातले मीठ कमी होते. वातानुकूलित कचेरीतून शुक्रवारी रात्री निघालेल्या माणसात शनिवारी सकाळी हा बदल झालेला नसतो, त्याचे वय आणि व्यायाम काहीही असो. दोन-तीन महिने उन्हापासून लांब राहिलेल्या मूळच्या कोकणी माणसातही तो टिकत नाही. मुंबईहून मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी या बाबतीत पाहुणाच असतो.

दुसरे उत्तर वेळापत्रकाचे. खारेपाटातला शेतकरी तांबडे फुटायला बांधावर असतो आणि दहा-साडेदहाला घरी परत येतो. दुपारी तो तुम्हाला दिसत नाही. आपण अकराला बांधावर पोहोचतो, लांबवर एखादा माणूस उघाडीपाशी बसलेला पाहतो आणि इथले लोक उन्हाला जुमानत नाहीत असा निष्कर्ष काढतो.

पाणी किती आणि मीठ किती?

चिखलातून चालताना तासाला पाऊण ते एक लिटर घाम सहज जातो, काहींना त्याहून बराच अधिक. सहा तासांच्या चालीला पाच-सहा लिटर पाणी लागेल, असा अर्थ झाला. खारेपाटात विहिरींचे पाणी मचूळ असते आणि उन्हाळ्यात गावांना टँकरने पाणी येते, त्यामुळे “वाटेत भरून घेऊ” या भरवशावर निघणे वाटेतल्या लोकांवरही अन्यायाचे आहे. पाणी बरोबर न्यावे किंवा आधी ठरवून ठिकठिकाणी ठेवावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पिणे हे तासाने लिटरभर घटाघटा पिण्यापेक्षा कितीतरी चांगले, कारण आतड्यांची शोषण्याची गतीही ठरलेली असते.

मात्र नुसते पाणी पीत राहणे हाही धोका आहे, आणि तो कमी लोकांना माहीत असतो. एका लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जाते. मिठात सांगायचे तर अर्धा चमचा मीठ. पाच लिटर घाम गेला आणि त्याच्या जागी पाच-सहा लिटर साधे पाणी भरले तर रक्तातले मीठ पातळ होते. मळमळ, डोके जड होणे, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. ती उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून सोबती आणखी पाणी पाजतात आणि त्रास वाढतो. तासाला दीड लिटरच्या वर पाणी कोणत्याही परिस्थितीत पिऊ नये.

शहाळ्याविषयी आपला एक समज आहे. शहाळ्याचे पाणी चांगलेच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, त्यामुळे घामाने गेलेले मीठ ते पुरेसे भरून काढत नाही. त्याबरोबर काहीतरी खारट खावे. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात घालून घेणे सर्वांत सरळ. ती नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाची चिमूट घातलेले कोकम सरबत आणि ताक हेही काम देतात. कोकणातल्या शेतावरच्या न्याहारीकडे नीट पाहिले तर मीठ घातलेली पेज, तोंडी लावायला सुकट किंवा खारातली कैरी, असा बेत दिसतो. पाणी, पिष्ट आणि मीठ एकाच भांड्यात. हे शहाणपण प्रयोगशाळेच्या आधीचे आहे. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांना मीठ वर्ज्य केले आहे, त्यांनी मात्र असा बेत आखण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

भरतीची वेळ आणि उन्हाची वेळ

आता दुसरा हिशेब. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात, पण किनाऱ्यावर जुना आडाखा चालतो: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आसपास येते. हा आडाखा उत्तर कोकणच्या उघड्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावे तशी वेळ मागे पडते, म्हणून त्या गावच्या कोळ्यांना विचारलेले चांगले.

इथे एक गंमतीची वाटावी अशी पण फार महत्त्वाची जुळणी आहे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढते आणि ओहोटी दुपारी बाराला येते. खाजणाचा गाळ भर दुपारी उघडा पडतो, म्हणजे ओलांडायला सोपी वेळ नेमकी सर्वांत वाईट उन्हात येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. तेव्हा उजाडता उजाडता गाळाचा अवघड तुकडा पार करता येतो आणि दुपारी पाणी चढलेले असताना माणूस गावात सावलीला बसलेला असतो. दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर मी दरवेळी उधाणाचा निवडतो.

त्यात एक मेख आहे. मुंबई-रायगडच्या बाजूला उधाणाला ओहोटी आणि भरतीतला फरक चार मीटरांपुढे जातो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो. हे पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि एक, असे ते चढते. चार मीटरांचे उधाण असेल तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर. पहिल्या तासात पाणी हलतही नाही असे वाटून माणूस गाळात रेंगाळतो आणि तिसऱ्या तासात मागच्या ओहळाला छातीएवढे पाणी असते. पॅरिस आयलंडचाच दाखला द्यायचा तर ८ एप्रिल १९५६ च्या रात्री शिक्षा म्हणून तिथल्या दलदलीतल्या भरतीच्या ओढ्यात उतरवलेल्या पलटणीतले सहा तरुण बुडाले. शिकाऊ असले तरी ते सैनिकच होते.

म्हणून गाळाचा प्रत्येक तुकडा ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत ओलांडायचा, पाणी फिरले की बांधावर यायचे. ज्या खाडीला होडी किंवा फेरीबोट आहे तिथे, दाभोळ-धोपावे असो की आगरदांडा-दिघी, पैसे देऊन पलीकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

थांबायचे कधी?

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी आणि माझा मावसभाऊ खारेपाटातल्या एका बांधावरून चाललो होतो. निघायला उशीर झाला होता. साडेबाराच्या सुमारास त्याच्या निळ्या शर्टावर पाठीपासून काखेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या लाटा उमटल्या होत्या, त्याकडे मी पाहिले आणि पुढे चालत राहिलो. थोड्या वेळाने त्याच्या हातांवर काटा आलेला दिसला, त्या उन्हात. मी त्याला विचारले की पाण्याची दुसरी बाटली कुठल्या कप्प्यात आहे. तो म्हणाला, “आई येतेय घेऊन.” मावशी तेव्हा ठाण्यात होती.

घाम त्याला तोपर्यंत येतच होता. उष्माघातात घाम थांबतो ही समजूत पुष्कळांची आहे आणि ती श्रमाने होणाऱ्या उष्माघाताला लागू पडत नाही. पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर इथपर्यंतचा त्रास सावली, विश्रांती आणि मीठ-पाणी यांनी बहुधा उतरतो, मात्र त्या दिवसाची चाल तिथेच संपवावी. बोलणे असंबद्ध झाले, चाल लटपटली, माणूस विनाकारण चिडू लागला किंवा ओळख चुकू लागला, की तो उष्माघात समजायचा. मग एकच काम: अंग गार करणे, आणि तेही दवाखान्यात नेण्याच्या आधीपासून. कपडे सैल करून अंगावर मिळेल ते पाणी ओतायचे, खारे असले तरी चालते, आणि जे हाती असेल त्याने सतत वारा घालायचा. उथळ तळे जवळ असेल तर डोके वर धरून मानेपर्यंत पाण्यात ठेवणे सर्वांत परिणामकारक. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामोलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नसतो.

आम्हाला उघाडीपाशी जाळे विणत बसलेले एक काका भेटले. त्यांनी काही न विचारता भावाला भिंतीच्या कडेला आडवे केले, खाली उतरून डब्याने पाणी आणून त्याच्या अंगावर ओतायला सुरुवात केली आणि माझ्या हातात आपली टोपली दिली, वारा घालायला. मी १०८ ला फोन लावला. पलीकडून विचारले, “नक्की कुठे आहात?” आणि मला सांगता येईना, कारण बांधाला नाव नसते. काकांनी फोन घेतला, उघाडीचे नाव सांगितले, आणि गाडी बांधाला कुठे लागते ते सांगितले. तिथून आम्ही दीड किलोमीटर लांब होतो. भावाला गोधडीत घालून चौघांनी तेवढे अंतर नेले, वाटेत दोनदा खाली ठेवून पुन्हा भिजवले. तो वाचला.

तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी मी नकाशावर बांध काढतो, आणि त्यावर जिथे जिथे गाडीरस्ता येऊन मिळतो त्या जागा, तिथल्या उघाडीचे गावकरी घेतात ते नाव आणि मधले अंतर लिहून तो कागद सोबतच्या प्रत्येकाच्या खिशात ठेवतो.